सक्तीवाचून समन्वय : ब्रसेल्समधल्या दोन समित्यांची २५ वर्षे

२४ जानेवारी २००० रोजी युरोपीय संघाच्या मंत्रिपरिषदेने रोजगार समिती स्थापन केली. त्याच वर्षी २९ जूनला सामाजिक संरक्षण समिती अस्तित्वात आली. दोन्हींची घडण सारखीच होती : प्रत्येक सदस्य देशाचे दोन प्रतिनिधी, युरोपीय आयोगाचे दोन, आणि अध्यक्ष सदस्यांनीच निवडलेला. या समित्यांना कायदा करता येत नाही, कोणाला दंड ठोठावता येत नाही, निधीही वाटता येत नाही. एखाद्या सरकारने ऐकलेच नाही, तर पुढच्या वर्षी त्याला पुन्हा समोर बसवून विचारायचे, एवढेच त्यांच्या हाती असते. तरीही नोकरी गेलेल्या तरुणापर्यंत किती महिन्यांत पोचायचे, गरीब कोणाला म्हणायचे, बेघर माणसाला आधी घर द्यायचे की आधी त्याचे व्यसन सोडवायचे, या प्रश्नांची सरकारी उत्तरे युरोपात गेल्या २५ वर्षांत बदलली, आणि त्यातले बरेच बदल या दोन समित्यांच्या टेबलावरून पुढे सरकले. त्यांच्या कामाच्या रीतीला ‘खुली समन्वय पद्धती’ असे नाव आहे. ती कशी घडली, कुठे अडली आणि कुठे फळाला आली, ते इथे सांगायचे आहे.

१९५७च्या रोम कराराने सहा देशांची बाजारपेठ एक करायला घेतली, पण पेन्शन, बेकारभत्ता, आजारपणाचा विमा हे विषय ज्याच्या त्याच्याकडे राहिले. त्याला तसेच कारण होते. जर्मनीत बिस्मार्कच्या काळापासून, म्हणजे १८८०च्या दशकापासून, कामगार आणि मालक यांच्या वर्गणीवर चालणारी विमा व्यवस्था मुरलेली होती. पुढे संघात आलेल्या ब्रिटनची व्यवस्था १९४२च्या बेव्हरिज अहवालावर उभी होती. दक्षिणेकडच्या देशांत अडीअडचणीला सरकारपेक्षा कुटुंबच आधी धावून येई. या सगळ्यांना एकच कायदा लावायचा तर कोणाची तरी घडी मोडावी लागली असती, आणि तसे मतदारांना सांगायची कुठल्याही सरकारची तयारी नव्हती. पुढे करारात रोजगाराचे प्रकरण आले तेव्हाही, या विषयात देशांचे कायदे एकसारखे करायचे नाहीत, अशी अट घालण्यात आली. मग हाती उरली ती शिफारस. आणि शिफारस बंधनकारक नसते, असे करारातच स्पष्ट लिहिलेले आहे.

अशा शिफारशीला किंमत काय? याचे एक ठोस उत्तर मिळाले ते एका कामगाराच्या आखडलेल्या हातामुळे. इटलीहून आलेला हा माणूस १९५३ ते १९८० या काळात बेल्जियममध्ये राबला. त्याच्या उजव्या हाताची बोटे तळव्याकडे वळून ताठ झाली होती. १९८३मध्ये त्याने व्यवसायजन्य रोगांसाठीच्या बेल्जियन निधीकडे भरपाई मागितली. हा रोग देशाच्या यादीत नाही, म्हणून अर्ज फेटाळला गेला. पण आयोगाने १९६२मध्ये शिफारस केलेल्या युरोपीय यादीत त्याचा विकार बसू शकत होता. प्रकरण ब्रसेल्सच्या कामगार न्यायालयातून लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयात गेले. १३ डिसेंबर १९८९ रोजी निकाल लागला. शिफारशीतून नागरिकाला थेट हक्क मिळत नाही, असे न्यायालयाने मान्य केले. मात्र देशातल्या न्यायाधीशाने वादाचा निवाडा करताना ती विचारात घेतलीच पाहिजे, असेही बजावले. ‘ग्रिमाल्डी निकाल’ म्हणून तो कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवला जातो. ज्या दस्तऐवजामागे दंड नाही त्यालाही न्यायालयात वजन असू शकते, हे त्याने ठरवून टाकले.

त्यानंतर अडीचच वर्षांनी, जून १९९२मध्ये, मंत्रिपरिषदेने अशीच एक शिफारस केली. माणसाला सन्मानाने जगण्यापुरते उत्पन्न मिळण्याचा हक्क प्रत्येक देशाने मान्य करावा, असे तिने सुचवले. पोर्तुगालमध्ये तेव्हा अशी कुठलीच योजना नव्हती. तिथे १९९६मध्ये किमान उत्पन्नाचा कायदा झाला आणि जुलै १९९७पासून तो देशभर लागू झाला. ब्रसेल्सची शिफारस त्यामागची उघड प्रेरणा होती. ग्रीसला देशव्यापी योजना सुरू करायला २०१७ उजाडले, इटलीला २०१८, आणि स्पेनमध्ये राष्ट्रीय पातळीवरचे किमान उत्पन्न आले ते २०२०मध्ये, कोविडच्या साथीत. एकाच शिफारशीवर पोर्तुगालने पाच वर्षांत देशभर अंमल केला आणि स्पेनला २८ वर्षे लागली. ज्या घरात चूल पेटत नाही त्या घरासाठी २८ वर्षे म्हणजे एक अख्खी पिढी. या पद्धतीचे मोल करताना हा हिशेब डोळ्याआड करता येणार नाही.

खुद्द समित्यांचा जन्म मात्र बेकारीतून झाला. १९९०च्या दशकाच्या मध्यावर संघात सुमारे १ कोटी ८० लाख लोक कामाच्या शोधात होते. बेकारीचा दर दहा टक्क्यांच्या वर आणि स्पेनमध्ये त्याच्या जवळपास दुप्पट होता. आयोगाचे अध्यक्ष जाक देलोर यांनी १९९३च्या अखेरीस विकास, स्पर्धाक्षमता आणि रोजगार यांवरची श्वेतपत्रिका मांडली. डिसेंबर १९९४मध्ये जर्मनीतल्या एसेन शहरात शिखर परिषद भरली आणि तिने रोजगाराचे पाच अग्रक्रम ठरवले. पुढे फारसे काही हलले नाही, कारण पाठपुरावा करणारेच कोणी नव्हते. शिवाय त्याच वर्षांत एक चलन आणण्याची तयारी चालू होती. अर्थसंकल्पी तूट ३ टक्क्यांच्या आणि सरकारी कर्ज ६० टक्क्यांच्या आत ठेवण्याचे दडपण प्रत्येक अर्थमंत्र्यावर होते. तुटीला आकडा आहे, बेकारीला मात्र नाही, ही तक्रार स्वीडनने सगळ्यात नेटाने लावून धरली. जून १९९७मध्ये फ्रान्समध्ये लिओनेल जोस्पँ पंतप्रधान झाले आणि त्या तक्रारीला मोठ्या देशाचे बळ मिळाले. त्याच महिन्यात ॲमस्टरडॅमला कराराच्या नव्या मसुद्यात रोजगाराचे स्वतंत्र प्रकरण घालण्यावर एकमत झाले.

करार अमलात यायला अजून अवकाश होता. तो १ मे १९९९ रोजी लागू झाला. तेवढे थांबायचे नाही, असे ठरले. २० आणि २१ नोव्हेंबर १९९७ रोजी लक्झेंबर्गला केवळ रोजगार या एका विषयासाठी खास शिखर परिषद भरली. यजमान होते तिथले तेव्हाचे पंतप्रधान ज्याँ-क्लोद युंकर. पडद्यामागची बरीच जुळवाजुळव केली होती ॲलन लार्सन यांनी. ते स्वीडनचे माजी अर्थमंत्री, आणि त्या वेळी आयोगाच्या रोजगार विभागाचे महासंचालक. एकूण रोजगारवाढीचे आकडी लक्ष्य आयोगाला हवे होते. जर्मनीसारख्या देशांच्या विरोधामुळे ते सुटले. टिकले ते लहान, पण मोजता येण्याजोगे. प्रत्येक बेकार तरुणाला सहा महिन्यांच्या आत आणि प्रौढाला बारा महिन्यांच्या आत नोकरी, प्रशिक्षण किंवा कामाचा अनुभव, असे काहीतरी देऊ करायचे. त्यासाठी देशांना पाच वर्षांची मुदत होती, आणि जिथे बेकारी फारच जास्त तिथे त्याहूनही अधिक.

या परिषदेतून जे चक्र सुरू झाले तेच पुढे दोन्ही समित्यांचे वार्षिक काम बनले. मार्गदर्शक तत्त्वे सगळ्यांनी मिळून ठरवायची. प्रत्येक देशाने आपला कृती आराखडा लिहायचा. मग सगळ्यांनी एकमेकांचे आराखडे तपासायचे. आणि शेवटी मंत्रिपरिषदेने देशनिहाय शिफारशी द्यायच्या. अशा देशनिहाय शिफारशींची पहिली फेरी फेब्रुवारी २०००मध्ये मंजूर झाली. त्या पन्नासहून अधिक होत्या. आपल्या देशातल्या करांबद्दल आणि मजुरीखर्चाबद्दल बाहेरच्यांनी बोलावे, हे अनेक राजधान्यांत रुचले नाही. परंतु कोणीही खोली सोडून गेले नाही, आणि पुढच्या वर्षी सगळे परत आले.

मार्च २०००मध्ये लिस्बनला जी शिखर परिषद भरली तिने या रीतीला नाव दिले. पोर्तुगालचे पंतप्रधान अँतोनियु गुतेरेस, म्हणजे पुढे संयुक्त राष्ट्रांचे महासचिव झालेले, तिचे यजमान होते. मांडणी होती त्यांच्या सल्लागार, अर्थतज्ज्ञ मारिया जुआँव रॉद्रिगेस यांची. परिषदेच्या निष्कर्षांतल्या ३७व्या परिच्छेदात चार गोष्टी आहेत : मुदतीसह मार्गदर्शक तत्त्वे, तुलनेसाठी निर्देशक, देशाच्या आणि प्रदेशाच्या धोरणात त्यांचा उतारा, आणि ठरावीक काळाने परस्पर परीक्षण. सोबत मोठी लक्ष्येही आली. रोजगाराचे प्रमाण तेव्हा सरासरी ६१ टक्के होते, ते २०१०पर्यंत शक्य तितके ७० टक्क्यांजवळ न्यायचे ठरले; स्त्रियांमधले ५१ टक्क्यांवरून ६० टक्क्यांच्या वर. दोन वर्षांनी बार्सिलोनात आणखी एक लक्ष्य ठरले, आणि ते फार दूरदृष्टीचे होते. तीन वर्षांखालच्या ३३ टक्के मुलांसाठी आणि तीन वर्षांपासून शाळेच्या वयापर्यंतच्या ९० टक्के मुलांसाठी पाळणाघराची किंवा बालवाडीची सोय करायची. बाईने नोकरी करावी असे नुसते म्हणून भागत नाही, मूल कुठे ठेवायचे हे आधी सुटावे लागते, ही गोष्ट तिथे पहिल्यांदा आकड्यात उतरली.

सामाजिक संरक्षण समितीचे सगळ्यात टिकाऊ काम २००१मध्ये झाले. तोपर्यंत गरिबी मोजण्याच्या रीती देशागणिक वेगळ्या होत्या. कुठे सरकारी मदत घेणारे तेवढेच गरीब धरले जात, तर कुठे अधिकृत रेषाच नव्हती. बेल्जियमचे मंत्री फ्रँक व्हांडेनब्रुक यांनी ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ टोनी ॲटकिन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडून अभ्यास करवून घेतला, आणि समितीच्या निर्देशक उपगटाने त्यावर महिनोन् महिने काथ्याकूट केला. त्यांनी स्वतःला घालून घेतलेला एक नियम विशेष महत्त्वाचा आहे : सरकारने किती खर्च केला हे मोजायचे नाही, माणसाच्या आयुष्यात काय घडले ते मोजायचे. डिसेंबर २००१मध्ये ब्रसेल्समधल्या लाकेनमध्ये १८ निर्देशक मंजूर झाले. त्यात दारिद्र्याच्या धोक्याची रेषा ठरली ती देशातल्या मध्यक उत्पन्नाच्या ६० टक्क्यांवर.

ही रेषा पुरेशी नाही, हे २००८च्या मंदीने दाखवले. काही देशांत सगळ्यांचेच उत्पन्न घसरले, त्याबरोबर मध्यक खाली आला आणि कागदावर गरिबी कमी झाल्यासारखी दिसू लागली. त्या सुमारास, २००९मध्ये, समितीने वंचिततेचा निर्देशक जोडून घेतला. त्यात नऊ साध्या बाबी होत्या. घरभाडे आणि बिले वेळेवर भरता येतात का. हिवाळ्यात घर उबदार ठेवता येते का. अचानक आलेला खर्च पेलता येतो का. दिवसाआड मांस, मासे किंवा तितक्याच कसाचे अन्न परवडते का. वर्षातून एक आठवडा घराबाहेर सुटीला जाता येते का. धुलाई यंत्र, टीव्ही, टेलिफोन आणि मोटार घ्यायची ऐपत आहे का. यांतल्या किमान चार गोष्टी परवडत नसतील तर ते कुटुंब तीव्र वंचिततेत मोजायचे. अलीकडे ही यादी १३ बाबींची झाली आहे. त्यात दोन जोडी पादत्राणे, इंटरनेट, महिन्यातून एकदा मित्रमंडळींबरोबर खाणेपिणे आणि स्वतःवर खर्चायला थोडेसे पैसे हेही आले. अधिकाऱ्यांच्या समितीने, माणसाला मित्रांबरोबर बसून चार घास खाता आले पाहिजेत, हे गरिबीच्या मोजणीत धरावे, ही या संस्थेची मोठी कमाई आहे. हे सगळे मोजायला एकसारखे घरोघरचे सर्वेक्षण हवे होते. २००३च्या नियमावलीने ते उभे केले. ऐच्छिक समन्वयाच्या गरजेतून जन्मलेले हे सर्वेक्षण आज सदस्य देशांवर कायद्याने बंधनकारक आहे.

या मोजणीत गरिबांचा स्वतःचा आवाजही आला. २००१मध्येच, बेल्जियमच्या अध्यक्षतेच्या काळात, दारिद्र्य भोगणाऱ्या माणसांचा पहिला युरोपीय मेळावा ब्रसेल्समध्ये भरला. दारिद्र्यविरोधी संघटनांचे युरोपीय जाळे १९९०पासून काम करत होते, त्याने हे मेळावे पुढे चालू ठेवले. ज्यांच्याविषयी आराखडे लिहिले जातात तेच आता आराखडा लिहिणाऱ्यांना प्रश्न विचारू लागले.

सक्तीच नसेल तर सरकारे ऐकतील कशाला, हा आक्षेप पहिल्या दिवसापासून घेतला गेला. त्याचा विचार करताना आर्थिक धोरणातल्या दोन घटना शेजारी ठेवून पाहाव्या लागतात. फेब्रुवारी २००१मध्ये मंत्रिपरिषदेने आयर्लंडला ठपक्याची शिफारस पाठवली : तुमचा अर्थसंकल्प महागाईला खतपाणी घालतो आहे. आयर्लंडची तिजोरी तेव्हा शिलकीत होती. अर्थमंत्री चार्ली मॅक्रीव्ही यांनी शिफारस धुडकावली आणि देशात त्यांची लोकप्रियता वाढली. झाले, सॉफ्ट लॉ, म्हणजे दंडाची तरतूद नसलेला नियम, दुबळा ठरला, असे टीकाकारांनी जाहीर केले. पण नोव्हेंबर २००३मध्ये जर्मनी आणि फ्रान्सवर तुटीच्या नियमाखाली कारवाईची वेळ आली. हा नियम तर पक्का, दंडाची तरतूद असलेला. तरीही मंत्रिपरिषदेने प्रक्रिया थांबवून धरली आणि आयोगाला न्यायालयात जावे लागले. जुलै २००४मध्ये न्यायालयाने तो ठराव रद्द केला. दंड मात्र कोणालाही झाला नाही. म्हणजे मोठ्या देशाची मर्जी नसेल तर पक्का कायदाही वाकतो. तेव्हा नुसत्या दंडाच्या मोजपट्टीने या समित्यांना नापास करणे न्याय्य नाही.

दुसरा आक्षेप मात्र खरा होता, आणि तो आतूनच आला. नेदरलँड्सचे माजी पंतप्रधान विम कोक यांच्या अध्यक्षतेखालच्या गटाने नोव्हेंबर २००४मध्ये अहवाल दिला. लक्ष्यांची गर्दी झाली आहे, समन्वय कच्चा आहे, अग्रक्रम एकमेकांना छेद देतात आणि राजकीय निर्धार नाही, असे त्याने रोखठोक सांगितले. अनेक देशांत कृती आराखडा म्हणजे मंत्रालयातल्या दोन-चार अधिकाऱ्यांनी, आधीच चालू असलेल्या योजनांना ब्रसेल्सच्या शब्दांत बसवून लिहिलेला दस्तऐवज होता. संसदेत त्यावर चर्चा होत नसे, कामगार संघटनांना तो उशिरा दिसे, आणि रोजगार विनिमय केंद्रातल्या माणसाला त्याचा पत्ताही नसे. युरोपीय संसदेचीही तक्रार होती की हे सारे तिला वळसा घालून चालते. कोक यांनी देशांची उघड क्रमवारी लावण्याचा आग्रह धरला; आयोगाचे नवे अध्यक्ष जोसे मानुएल बारोसो यांनी तो मानला नाही. २००५मध्ये रोजगाराची तत्त्वे आर्थिक तत्त्वांबरोबर एका जुडग्यात बांधली गेली आणि रोजगार समितीचा आवाज काही काळ बसला.

२०१० उजाडले तेव्हा रोजगाराचे प्रमाण ६४ टक्क्यांच्या आसपास होते. ७० दूरच राहिले.

मग आली कर्जसंकटाची वर्षे. ग्रीस, आयर्लंड आणि पोर्तुगाल यांना कर्जाच्या बदल्यात कडक अटी घातल्या गेल्या. त्या अटी लिहिल्या अर्थखात्यांनी, आयोगाने, मध्यवर्ती बँकेने आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने. दोन्ही समित्यांना त्या खोलीत जागा नव्हती. ग्रीसमध्ये २०१३मध्ये बेकारी २७ टक्क्यांवर गेली आणि तरुणांमध्ये तर निम्म्याहून जास्त. २०११पासून ‘युरोपीय सत्र’ नावाचे नवे वार्षिक चक्र सुरू झाले होते आणि सुरुवातीला त्यावर अर्थमंत्र्यांचाच वरचष्मा होता. समित्यांनी तिथे आपली जागा पुन्हा मिळवली ती भाषणांनी नव्हे, आकड्यांनी. रोजगार समितीने आणि सामाजिक संरक्षण समितीने आपापले देखरेख तक्ते तयार केले. कुठल्या देशात कुठला निर्देशक बिघडतो आहे ते दर वर्षी लेखी समोर येऊ लागले. २०१३च्या अखेरीस रोजगार आणि सामाजिक निर्देशकांचा फलक सत्राच्या अधिकृत कागदपत्रांत आला.

समितीतले परीक्षण आज कसे चालते तेही पाहण्यासारखे आहे. एखाद्या देशाला आधी शिफारस मिळालेली असते, समजा दीर्घकाळ बेकार असलेल्यांबद्दल. त्याचा प्रतिनिधी काय केले ते मांडतो. दुसऱ्या देशाचा प्रतिनिधी परीक्षक म्हणून नेमलेला असतो. तो मांडणी आधी वाचून आलेला असतो आणि प्रश्न काढतो. कायदा केला म्हणता, मग समुपदेशक किती नेमले? योजना कुठल्या भागात सुरू झाली, कुठे नाही? शेवटी काही ओळींचा निष्कर्ष ठरतो आणि त्यावर शब्दाशब्दाला घासाघीस होते. वसंत ऋतूत आयोग नव्या शिफारशींचे मसुदे काढतो तेव्हा हेच निष्कर्ष हाताशी असतात. एखाद्या देशाला मसुद्यातले वाक्य बदलून हवे असेल तर इतर देशांचे पुरेसे मत जमवावे लागते, आणि बदल का केला याचे कारण मंत्रिपरिषदेला जाहीरपणे द्यावे लागते. ज्या अधिकाऱ्याने पाच महिन्यांपूर्वी दुसऱ्याला खोचक प्रश्न विचारला, त्यालाच आता आपली बाजू सांगायची असते. या रीतीत वचक आहे तो याचा.

एप्रिल २०१३मध्ये मंत्रिपरिषदेने ‘युवा हमी’ची शिफारस स्वीकारली. २५ वर्षांखालच्या कोणालाही शाळा सोडल्यापासून किंवा नोकरी गेल्यापासून चार महिन्यांत नोकरी, पुढचे शिक्षण, उमेदवारी किंवा प्रशिक्षण यांपैकी काहीतरी देऊ करायचे. लक्झेंबर्गचे सहा महिने आता चारवर आले. कल्पना नवी नव्हती. फिनलंड आणि ऑस्ट्रिया यांनी ती आधी राबवली होती आणि समित्यांच्या बैठकांत त्यांचे अनुभव फिरले होते. या वेळी जोडीला ६ अब्ज युरोंचा निधी होता. संघातली युवा बेकारी २०१३मध्ये २४ टक्क्यांजवळ होती, ती २०१९मध्ये १५ टक्क्यांवर आली. यातला मोठा वाटा अर्थव्यवस्था सावरल्याचा आहे, हे मान्य केले पाहिजे. युरोपीय लेखापाल न्यायालयाने २०१७मध्ये सात देशांची पाहणी केली, तेव्हा प्रत्येक तरुणाला चार महिन्यांत काहीतरी देऊ करणे त्यांपैकी एकालाही साधलेले नव्हते. पण तोवर नोंदणीतच नसलेल्या, शाळेत नाही आणि कामातही नाही अशा मुलांना शोधायची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न सगळ्या देशांत ऐरणीवर आला होता. ऑक्टोबर २०२०मध्ये हमीची वयोमर्यादा तिशीपर्यंत वाढवण्यात आली.

परस्पर परीक्षणाचे सगळ्यात सुंदर उदाहरण बेघरांचे आहे. फिनलंडने २००८मध्ये दीर्घकालीन बेघरपणा निम्म्यावर आणण्याचा कार्यक्रम हाती घेतला. त्याचे सूत्र, अमेरिकेतही आजमावले गेलेले, साधे होते. माणसाला आधी स्वतःच्या नावाचा भाडेकरार आणि दाराची किल्ली द्यायची. व्यसनमुक्ती, उपचार, नोकरी यांचे नंतर पाहायचे. हेलसिंकीतली रात्रनिवाऱ्याची जुनी वसतिगृहे, जिथे एका खोलीत अनेक माणसे झोपत, ती मोडून तिथे लहान लहान फ्लॅट काढण्यात आले. २०१०मध्ये परस्पर परीक्षणाच्या कार्यक्रमाखाली इतर देशांचे अधिकारी आणि स्वयंसेवी संस्थांचे लोक हे पाहायला हेलसिंकीला गेले. खर्च किती, शेजाऱ्यांचा विरोध कसा हाताळला, दारू न सोडणाऱ्याचे काय केले, असे व्यवहारातले प्रश्न तिथे निघाले. पुढच्या दशकात ‘आधी घर’चे प्रयोग अनेक देशांत सुरू झाले. २१ जून २०२१ रोजी सगळ्या २७ देशांनी लिस्बनमध्ये जाहीरनाम्यावर सही केली आणि २०३०पर्यंत बेघरपणा संपवण्याच्या दिशेने काम करण्याचे कबूल केले. बेघरांबाबत संघाला कायद्याचा अधिकार जवळजवळ नाही. हा सगळा प्रवास शिफारशींच्या आणि भेटींच्या बळावर झाला.

स्पेनची गोष्ट वेगळ्या वळणाची आहे. तिथे जवळपास चौथा हिस्सा कामगार तात्पुरत्या करारावर होते, आणि त्यातही तरुण अधिक. हे कमी करा, असे स्पेनला वर्षानुवर्षे सांगितले जात होते. सरकारे आली आणि गेली, दुरुस्त्या अर्धवट राहिल्या. कोविडनंतर २०२१मध्ये संघाने पुनरुत्थान निधी उभारला आणि त्यातले पैसे मिळवण्यासाठी जुन्या शिफारशींचा पाठपुरावा करण्याची अट घातली. डिसेंबर २०२१मध्ये स्पेनच्या सरकारने मालक आणि कामगार संघटनांशी समझोता करून नवा कामगार कायदा आणला. तात्पुरत्या करारांचे प्रमाण झपाट्याने खाली आले. पैशाची जोड मिळाल्यावर शिफारस ऐच्छिक राहते का, असा प्रश्न अभ्यासक विचारतात, आणि तो रास्त आहे. पण समझोत्याची कलमे माद्रिदमध्ये, स्पेनच्याच संघटनांनी ठरवली. ब्रसेल्सने फक्त विषय जिवंत ठेवला होता. जिथे देशातल्या कोणीतरी शिफारस उचलून हातात धरली, तिथेच ती चालली. पोर्तुगालपासून फिनलंडपर्यंतच्या उदाहरणांतून तेच दिसते.

१७ नोव्हेंबर २०१७ रोजी स्वीडनमधल्या गोथेनबर्गला ‘सामाजिक हक्कांचा युरोपीय स्तंभ’ घोषित झाला. त्यात २० तत्त्वे आहेत आणि तीही घोषणेच्याच स्वरूपात. मे २०२१मध्ये पोर्तो शहरात त्यांना २०३०ची लक्ष्ये जोडली गेली : २० ते ६४ वयोगटातले ७८ टक्के लोक कामावर, दर वर्षी ६० टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या प्रशिक्षणात, आणि दारिद्र्य वा सामाजिक बहिष्काराच्या धोक्यातल्यांची संख्या १ कोटी ५० लाखांनी कमी, त्यात ५० लाख मुले. एप्रिल २०२४मध्ये बेल्जियममधल्या ला हुल्प इथे या स्तंभाच्या पुढच्या वाटचालीचा जाहीरनामा निघाला. त्यावर ऑस्ट्रियाने सही केली नाही, आणि स्वीडननेही केली नाही. १९९७मध्ये रोजगाराचे प्रकरण करारात आणणारा आणि गोथेनबर्गला यजमानपद भूषवणारा हाच तो देश. दोन्ही देशांचे प्रतिनिधी समित्यांमध्ये पूर्वीसारखेच बसतात, तपासतात आणि तपासले जातात.

बार्सिलोनाच्या पाळणाघरांचे लक्ष्य संघाच्या सरासरीत उशिरा का होईना गाठले गेले, म्हणून डिसेंबर २०२२मध्ये ते तीन वर्षांखालच्या मुलांसाठी ४५ टक्क्यांवर नेण्यात आले. २० ते ६४ वयोगटातले रोजगाराचे प्रमाण २०२४मध्ये ७५.८ टक्के झाले. ७८चे लक्ष्य आवाक्यात दिसते. गरिबीचे तसे नाही. २०२४मध्ये दारिद्र्य वा सामाजिक बहिष्काराच्या धोक्यात सुमारे ९ कोटी ३० लाख माणसे होती, आणि १ कोटी ५० लाखांच्या घटीची मजल अजून बरीच लांब आहे. २०२४च्या सत्रापासून सामाजिक अभिसरणाची, म्हणजे देशादेशांमधली सामाजिक दरी कमी होते आहे का याची, दोन टप्प्यांची तपासणी सुरू झाली आहे. पहिल्याच वर्षी सात देश सखोल परीक्षणासाठी निवडले गेले. जून २०२१च्या ‘बाल हमी’च्या शिफारशीनुसार गरजू मुलांना बालवाडी, शाळेतले जेवण, आरोग्यसेवा आणि राहायला धड घर मिळवून देण्याचे देशनिहाय आराखडे बनले आहेत, आणि २०३०पर्यंत ते पुन्हा पुन्हा या दोन समित्यांपुढे येत राहतील.